ठिगळामागचं भोक

गेल्या वर्षी संक्रांतीला आमच्या गच्चीवर भाचा म्हणाला, "मावशी, तुझा पोपट झाला!" वास्तविक झालं होतं नेमकं उलटं. पोपट मी तीन आठवडे खपून घरात कापडी पतंगावर शिवला होता. वर गेल्यावर त्याचा कावळा झाला.

डाळिंबी कापडावर हिरवा पोपट. पैठणीच्या पदरावर बसतो तसा, मान मागे वळवलेला, लांब शेपटीचा. हिरवं कापड आकारात कापलं, डाळिंबीवर ठेवलं, कडेनं टीप मारली. बाळाच्या झबल्यावर आपण बदक लावतो तसंच. ट्यूबलाइटखाली पलंगावर पसरला तेव्हा शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या, फोटो काढून बहिणीला पाठवला. गच्चीवर दोघांनी धावपळ करून तो कसाबसा चढवला, आणि वर बघितलं तर डाळिंबी चौकोनात एक काळा डाग लटकतोय. हिरवा कुठेच नाही. चोच नाही, डोळा नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी काव काव सुरू केलं.

कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली, कारण ते शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं. घरात उजेड आपल्या बाजूनं कापडावर पडतो, त्यामुळे वरचंच कापड दिसतं. पतंग मात्र आपण उजेडाच्या विरुद्ध बघतो. लाल कापड तांबडा उजेड पलीकडे सोडतं, हिरवं हिरवा सोडतं. दोन्ही एकावर एक आली की एकानं सोडलेला उजेड दुसरं अडवतं. उरतो काळोख. पोपट हिरवा दिसायला हवा असेल तर त्याच्या मागे डाळिंबी असताच कामा नये. एवढी साधी गोष्ट. पण चाळीस वर्षं शिवणकाम करणाऱ्या बाईला ती सुचली नाही, कारण चाळीस वर्षं माझ्या शिवणाच्या मागून कधी सूर्य आलाच नव्हता.

कापडाचा पतंग करायचं खूळ आलं कुठून, तर छत्र्यांतून. आमचं घर मुंबईत, हिंदमाताच्या मागच्या बाजूला. पाऊस म्हटला की तिथलं पाणी बातम्यांत दाखवतात ते हिंदमाता. त्या पाण्यातून वाऱ्याला तोंड देत घरी येईपर्यंत छत्री उलटी होते, काड्या मोडतात, आणि दर पावसाळ्यात आमच्या दारामागे दोन-तीन सांगाडे जमतात. आई काड्या भंगारवाल्याला देते आणि कापड उसवून ठेवते. एका छत्रीच्या आठ त्रिकोणी पाकळ्या. त्यांच्या ती पिशव्या शिवते, मिक्सरला टोपी शिवते, एकदा तर माझ्या भावाच्या स्कूटरच्या सीटला कव्हर शिवलं होतं. उरलेल्या पाकळ्यांचं एक बोचकं कपाटावर असतं. ते एके दिवशी डोक्यावर पडलं आणि त्यातून काळा, डाळिंबी, हिरवा, पिवळा, मोरपंखी असा सगळा ऐवज खाली सांडला. भाचा तेव्हा कागदी पतंगांना चिकटपट्टी लावत बसला होता. गच्चीवरच्या केबलच्या तारांत अडकून त्याचे एका सकाळी सहा पतंग फाटले होते. मी म्हटलं, थांब, तुला न फाटणारा करून देते.

लहानपणी मला पतंग उडवता येत नसे. फिरकी धरायला मात्र मीच असे, कारण भाऊ ओरडला तरी मी हलायची नाही. उडवायला दोर हातात मिळाला तो भावाला भूक लागेपर्यंत, म्हणजे फार तर दहा मिनिटं. त्यामुळे हा पतंग करताना माझं पतंगाविषयीचं ज्ञान फिरकी धरणाऱ्या माणसाचं होतं. पतंग म्हणजे एक चौकोन, एक उभी काडी, एक कमान. तोच चौकोन मोठा केला, कापडाचा केला, बांबूची जाड कामटी घातली. वर चढल्यावर तो काही सेकंद राहायचा आणि गिरकी घेऊन डोकं खाली घालायचा. मग जुन्या ओढणीची शेपटी लावली तेव्हा कुठे दम धरला, आणि दम धरला तेव्हा तो कावळा दिसला.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तो कावळा गुंडाळून मी डोंगरीला पतंगवाल्यांकडे गेले. सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि चालत जायचं. सण उलटून गेलेला, दुकानांत उरलेल्या मालाचे गठ्ठे बांधणं चाललेलं. एका दुकानात एक म्हातारे चाचा खाली बसून पतंगांची मोजदाद करत होते. मी गुंडाळी उलगडली. त्यांनी कापड बोटांत चोळलं, कामटी वाकवून बघितली, ती वाकली नाही, आणि म्हणाले, "बेटी, ये पतंग नहीं है, ये तो दरवाज़ा है."

मग त्यांनी समजावलं. आपला कागदी पतंग चालतो तो त्याच्या कमानीवर. दोर खेचला की कमान मागे वाकते, पतंग होडीसारखा होतो आणि नाकासमोर सरळ पळतो. ढील दिली की कमान सरळ होते, पतंग सपाट पडतो आणि गरगर फिरायला लागतो. हवं त्या दिशेला तोंड आलं की पुन्हा खेच. पेच लढवणं सगळं या खेच-ढिलीवर. माझ्या जाड कामटीला वाकायचंच नव्हतं, कापड जड म्हणून कामटी जाड, आणि कामटी जाड म्हणून वाकणं नाही. कापडाचा करायचा तर दुसऱ्या जातीचा पतंग कर, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या दुसऱ्या सल्ल्यासाठी मात्र मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते. एक चांदेदार पतंग त्यांनी उचलला, पांढऱ्या कागदावर लाल चांद असलेला, आणि दुकानातल्या बल्बसमोर धरला. चांद लालभडक पेटला. त्याच्या कडेनं मात्र एक बारीक गडद रेघ दिसत होती, गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीची. "इतनाही," ते म्हणाले. चांद चिकटवण्याआधी पांढऱ्या कागदाला त्या आकाराचं भोक पाडतात, चांदापेक्षा किंचित लहान. खळ लावायला लागते तेवढीच कड एकावर एक येते, बाकी चांदाच्या मागे कागदच नसतो. मी आयुष्यभर हे पतंग बघत आले होते. चांद वरून चिकटवलाय अशीच माझी समजूत होती.

घरी येऊन आईला सांगितलं, कापडात मात्र आधी शिवायचं आणि मग मागचं कापायचं. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि तिच्या हातच्या गोधड्या आमच्या नात्यात चार घरी आहेत. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आधी ठिगळ लावायचं आणि मग त्याच्यामागं भोक पाडायचं? अगं, आम्ही भोक पडल्यावर ठिगळ लावत आलो." यावर ती बराच वेळ हसत होती. त्या दिवसापासून आमच्या घरात या कामाचं नाव ठिगळकाम. इंटरनेटवर त्याला ॲप्लिके म्हणतात, ओडिशात पिपली गावचं असलं काम प्रसिद्ध आहे, गुजरातेत त्याला कटाब म्हणतात. पण मला ठिगळच बरं वाटतं.

दुसऱ्या जातीचा पतंग भाच्यानं शोधला. जपानी, सहा कोनांचा, नाव रोक्काकु, म्हणजे षट्कोनच. निइगाता प्रांतातल्या सांजो गावचा. उंची आणि रुंदीचं प्रमाण ५:४, एक उभी काडी, दोन आडव्या, आणि आडव्या काड्यांना मागून दोरीनं धनुष्यासारखा बाक द्यायचा. या बाकामुळे त्याला शेपटी लागत नाही. आणि सुतार जसा फळी बघतो तसं मी त्याच्याकडे बघितलं तर तो जवळजवळ आयत होता, वर आणि खाली टोपी घातलेला. त्या आयतात काय बसेल? मला एकच गोष्ट दिसली. डबलडेकर बस, समोरून.

समोरून हे महत्त्वाचं. बाजूनं बस काढली की एका अंगाला जास्त कापड, जास्त टिपा, आणि मग पतंग एका बाजूला कलतो. समोरून बस डावी-उजवी सारखी असते. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे घरात बसचं चित्र सगळ्यांच्या डोक्यात आहे. मुंबईत डबलडेकर १९३७ साली आली आणि जुनी डिझेलची शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. ती शेवटची फेरी अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणाऱ्या ४१५ ची. वडिलांचा डेपो वडाळ्याचा, ४१५ शी त्यांचा काडीचा संबंध नाही. तरी पाटीवर ४१५ च घालायचं ठरवलं, कारण बसच्या समोरच्या पाटीवर आकडा मराठीत असतो आणि मराठी आकड्यांत वळणं छान आहेत. या छान वळणांनी पुढे माझा जीव घेतला.

कापडाचा हिशेब सांगते, कारण त्यावाचून सगळं वाया जातं. पतंग १२५ सेंटिमीटर उंच, १०० रुंद. कोन वजा केले तर क्षेत्रफळ जवळपास एक चौरस मीटर. छत्रीचं कापड माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चौरस मीटरला ६५ ग्रॅमच्या आसपास भरलं. मग एका बॅगा शिवणाऱ्याच्या ओळखीनं बारीक चौकटीचं नायलॉन मिळालं, तंबू आणि जर्किनला वापरतात ते. त्यात दर काही धाग्यांनी एक जाड धागा उभा-आडवा विणलेला असतो, म्हणून फाटत गेलं तरी चिरा त्या चौकटीशी थांबतो. ते ४० ग्रॅम भरलं. लाल आणि पिवळं तेच घेतलं. पाटीसाठी काळं मात्र छत्रीचंच, कारण दुकानदाराकडे काळं नव्हतं आणि घरात छत्री होती.

मधल्या काळात मी खणाच्या कापडाचाही एक पतंग करून पाहिला होता. गुळेदगुड्डचा खण, काठासकट. भिंतीवर उत्तम दिसतो. हवेत गेला नाही. खणाच्या विणीतून वारा आरपार जातो, वर वजन जास्त, त्यामुळे तो दिवाणखान्यात लटकतोय आणि पाहुण्यांना मी तो मुद्दाम भिंतीसाठीच केलाय असं सांगते.

तर बस. आधी पूर्ण लाल षट्कोन कापायचा. बसच्या दोन मजल्यांच्या काचा पिवळ्या. पिवळं कापड काचेच्या आकारापेक्षा सगळीकडून बोटभर मोठं कापून लालच्या पुढच्या बाजूला ठेवायचं. टाचण्या लावायच्या नाहीत, नायलॉनमध्ये टाचणीचं भोक राहतं. मुलं शाळेत वापरतात ती गोंदाची कांडी ठिपक्या-ठिपक्यांनी लावायची. दुहेरी चिकटपट्टी लावू नका, तिचा चीक सुईला लागतो आणि टाके सुटायला लागतात. हे मी अर्धी खिडकी शिवून शिकले. काचेची रेघ मागच्या बाजूला, लालवर काढायची आणि मागूनच टीप मारायची. मग कापड पालथं करून पुढच्या बाजूचं जास्तीचं पिवळं टिपेपर्यंत कातरायचं. आणि पुन्हा पालथं करून, आता टिपेच्या आतलं लाल कापायचं. खिडकी उघडते ती या शेवटच्या कापणीत. चार-पाच वेळा कातरी फिरली की अचानक तिथून उजेड येतो.

कापडाचा उभा-आडवा धागा दोन्ही थरांत एकाच दिशेला हवा. उरेब, म्हणजे तिरकं, कापड ताणतं, सरळ ताणत नाही. एक थर सरळ आणि एक उरेब असला की वाऱ्यात दोघांची ओढाताण होते, पतंगाला चुण्या पडतात आणि मग तो कलत एका बाजूला पळतो. चौकटीच्या कापडात धागा डोळ्यांना दिसतो. छत्रीची पाकळी मात्र त्रिकोणी, तिच्यात सरळ कुठलं ते दोन्ही हातांनी ओढून बघावं लागतं. आईला बघावंही लागत नाही. ती कापड अंगठ्यावर टाकते आणि कसं पडतं त्यावरून सांगते.

मशीन आईचं, काळं, पायाचं उषा. ते सरळ टीप मारतं, बाकी काही नाही. सरळ टिपेला ताण सोसत नाही, वाऱ्याचा जोर आला की दोरा तटकन तुटतो नाहीतर कापड सुईच्या भोकांच्या रेघेवर फाटतं, तिकिटाच्या कडेसारखं. इथे नागमोडी टीप हवी, ताण आला की थोडी उलगडणारी. त्यासाठी नवं मशीन घ्यायचा विचार चालला होता, तेवढ्यात साडीला फॉल लावायला टाकायची आठवण झाली आणि डोक्यात ट्यूब पेटली. पिको म्हणजे काय? नागमोडी टीपच तर.

दादरला आमच्या पिको-फॉलवाल्या ताई आहेत. लग्नसराईत त्यांच्या पाठीमागे साड्यांचा डोंगर असतो. त्यांना मी लाल षट्कोन दाखवला तर त्यांनी आधी विचारलं, "घागरा का?" सांगितल्यावर म्हणाल्या, पतंगाला पिको मी आजवर नाही केला. पण आवडला त्यांना. दोन मिलिमीटर रुंदीची टीप, टाका जरा लांब, वरच्या दोऱ्याचा ताण सैल, आणि सुई सत्तर नंबरची, म्हणजे बारीक. सोळा नंबरची जाड सुई लावलीत तर चाळण होईल, हे त्यांनीच सांगितलं. दोरा पॉलिस्टरचा. काठ दुमडू नका म्हणाल्या, गरम हत्यारानं कापलं तर नायलॉनचा काठ वितळून बंद होतो, धागे निघत नाहीत. भाच्याकडे सोल्डरिंगची लेखणी होती. खाली काच, प्लास्टिकच्या पट्टीऐवजी लोखंडी फुटपट्टी, खिडकी उघडी, कारण वितळलेल्या नायलॉनचा वास डोक्यात जातो. अशी आम्ही बाहेरची कड कापली. आतल्या खिडक्या मात्र कातरीनंच, लेखणी घसरली तर दोन्ही थर जातात.

कातरीनंही जातातच. खालच्या मजल्याची उजवी काच कापताना लालसोबत पिवळंही कात्रीत आलं. अडीच इंचांचा चिरा. चार दिवसांचं काम. मी कातरी टेबलावर ठेवली आणि गप्प बसले. आईनं चष्म्यावरून बघितलं. "आभाळ फाटलंय का? एवढंसं तर आहे. लाव ठिगळ." लावलं. उजव्या काचेत आता एक आडवी पट्टी आहे. बघणाऱ्याला ती वायपर वाटते, म्हणून मग डाव्या काचेतही एक लावून टाकली, वजन सारखं राहायला.

कातरीबद्दल एकच सांगते. दोन्ही थर नखांनी चिमटीत धरून आधी एकमेकांपासून सोडवायचे, मधोमध वरच्याला बारीकसा छेद द्यायचा, आणि कातरीचं बोथट टोक खाली ठेवायचं. टोकदार कातरी असेल तर टोकाला चिकटपट्टीचा गोळा लावा.

मग पाटी. काळी पट्टी लालवर शिवली, मागचं लाल कापून टाकलं. आता काळ्याच्या मागे पिवळं लावायचं, आकड्यांच्या रेघेवर टीप मारायची आणि पुढून काळं कापायचं, की आतून पिवळा आकडा उगवतो. आकडे १४ सेंटिमीटर उंच. १ च्या गाठीत कातरी शिरत नव्हती म्हणून ती गाठ मी मोठी केली, आणि ४ ला थोडं लठ्ठ करावं लागलं. मागच्या बाजूला पांढऱ्या पेन्सिलीनं सुंदर ४१५ काढला. पाटीच्या कामापुरती ताईंकडे न जाता घरच्याच मशीनवर आधी सरळ टीप मारून घेतली, सावकाश, एकेक टाका चाक हातानं फिरवून. दीड तास लागला. अभिमानानं पुढची बाजू वर केली.

आरशातला ४१५. मागून सरळ काढला म्हणजे पुढून उलटा येणार, हे खिडक्यांच्या वेळी लक्षात यायचं कारणच नव्हतं, खिडक्या दोन्हीकडून सारख्याच. नशीब एवढंच की काळं अजून कापलं नव्हतं. सगळं उसवलं. पिवळा तुकडा नवा घेतला, आकडा उलटा काढला, पुन्हा शिवला. आई उसवलेल्या काळ्यावर नख घासत म्हणाली, "मेलेलं कापड आहे हे. सुती असतं तर धुतल्यावर भोकं मिटली असती." मी म्हटलं, काळ्यावर कोणाला दिसतायत.

डिसेंबरमध्ये पहिल्यांदा उडवायला गोराईला गेलो. बोरिवलीहून खाडीच्या बोटीनं. चार दोऱ्यांचं मंगळसूत्र बांधलं होतं, पतंगाच्या काड्यांना बांधून पुढे एका गाठीत आणतात त्या दोऱ्या म्हणजे कन्नी, आमच्या चाळीत तिला मंगळसूत्रच म्हणत. दोर साधा, जाड, काच नसलेला. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातलीय, तरी भाच्याच्या मित्रांना तो कुठून मिळतो ते विचारू नये. पतंग पहिल्याच झटक्यात उठला आणि समुद्राच्या वाऱ्यावर दार उघडल्यासारखा वर गेला. शेपटी नाही, गिरकी नाही. हातात दोर धरून मी वाळूत बसलेसुद्धा.

फक्त बस पेटली नाही. लाल होती, पिवळ्या काचा होत्या, पण पत्र्यावर रंगवल्यासारखी. घरी खिडकीच्या काचेवर चिकटवून बघताना जो उजेड यायचा तो नव्हता. बोटीत परतताना मी हातवारे करत हिशेब केला आणि समोरच्या मासळीवाल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, म्हणजे आपली पाठ समुद्राला. सूर्यही समुद्राकडेच. पतंग जमिनीच्या अंगाला, उजेड त्याच्या तोंडावर. म्हणजे ट्यूबलाइटखालचा पलंगच की हा! पतंगाच्या मागे सूर्य हवा असेल तर वारा सूर्याच्या उलट बाजूनं आला पाहिजे.

मुंबईत हे जमतं जानेवारीत, दुपारी. त्या दिवसांत सूर्य डोक्यावर येतच नाही. मध्यान्हीला दक्षिणेकडे पन्नासेक अंशांवर असतो, आणि आपली मध्यान्ह बारा वाजता होत नाही, घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशाचं असल्यामुळे संक्रांतीला ती पावणेएकच्या सुमाराला होते. त्याच वेळी उत्तरेचा गार वारा असला की पतंग दक्षिणेला, साधारण त्याच उंचीवर, बरोबर सूर्यापुढे. काळा चष्मा लावला तरी सूर्याकडे थेट बघू नका, सूर्य पतंगाआड असेल तेव्हाच बघा.

यंदाच्या संक्रांतीला बाराच्या पुढे आम्ही गच्चीवर गेलो. आईला दोघांनी धरून वर आणलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, डोक्याला पदर. टॉवरच्या आडून वारा तुकड्या-तुकड्यांनी येत होता, दोनदा पतंग टाकीवर आपटला. तिसऱ्यांदा चढला. चढता चढता सूर्याच्या पुढे आला आणि दोन्ही मजल्यांचे दिवे लागले. लाल आतून पेटलेलं, काचा पिवळ्याधमक, काळी पाटी, तिच्यात ४१५. समोरच्या गच्चीवरचा एकजण ओरडला, "ओ, सीप्झ जाणार का?" भाच्यानं दोन बोटं दातांत धरून कंडक्टरची शिट्टी मारली.

वीसेक मिनिटं उडाला. मग एका पोरानं काचेचा मांजा घालायला सुरुवात केली तशी मी घाईघाईनं उतरवायला घेतला. दोर गुंडाळत पतंग कठड्याशी आणला, भाच्यानं तो दोन्ही हातांनी वर धरला, सूर्य अजून त्याच्या मागेच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जरा जास्तच दिसतं. खुर्चीतून म्हणाली, "ते बघ तुझं उसवलेलं."

काळ्या पाटीवर, पिवळ्या आकड्यांच्या मधून आणि बाजूनं, जिथे काळं उरलं होतं तिथे पांढरे ठिपके लुकलुकत होते. सुईची भोकं, एकामागे एक. मी भाच्याला पतंग फिरवायला सांगितला. मागची बाजू पुढे आली तेव्हा ठिपक्यांचा ४१५ सरळ होता आणि पिवळा उलटा.